उलटवून का गुणायचं?

अपूर्णांकांचा भागाकार म्हटलं की बहुतेकांना एवढंच आठवतं: दुसरा उलटा करा आणि गुणा. उत्तर बरोबर येतं, त्यामुळे उलटा का करायचा हा प्रश्न मागे पडतो.

आधी गुणाकार. तिथे 'गुणिले'च्या जागी 'चा' वाचून पाहा. 3/4 × 2/3 म्हणजे पाऊण भागाचा दोन तृतीयांश. कागदाला उभ्या घड्या घालून चार पट्टे करा, तीन रंगवा. मग आडव्या घड्यांनी तीन ओळी करा. एकूण चौकोन झाले 4 × 3 = 12. वरच्या दोन ओळींत रंगवलेले चौकोन 3 × 2 = 6. उत्तर 6/12, म्हणजे अर्धा. गुणूनही संख्या घटली, कारण आपण पाऊण भागाचाही तुकडाच घेतला.

भागाकारात मात्र भाषाच फसवते. 'निम्मे करा' आणि 'अर्ध्याने भागा' ही वाक्यं कानाला सारखीच वाटतात. पण 6 चे निम्मे 3, आणि 6 ला अर्ध्याने भागलं तर 12. भागायचं म्हणजे विचारायचं, 'यात ते किती वेळा मावतं?' सहात अर्धा बारा वेळा मावतो.

आता 3/4 ÷ 2/3 घ्या. पाऊण मीटर फितीत 2/3 मीटरचे तुकडे किती? छेद सारखे केले तर 9/12 आणि 8/12. दोन्ही बाराव्या हिश्श्यांतच मोजले, तेव्हा छेदाचं काम संपलं. उरलं 9 ÷ 8. हा 9 आला 3 × 3 मधून, 8 आला 4 × 2 मधून. म्हणजे नकळत आपण 3/4 × 3/2 हेच केलं! भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'तही हाच नियम आहे: भाजकाचे अंश-छेद उलटवा, मग गुणा.

9/8 म्हणजे 1 पूर्णांक 1/8. इथे भलेभले अडखळतात. फितीतून एक तुकडा कापला तर उरते 1/12 मीटर, मग उत्तरात 1/8 कुठून आला? प्रश्न तुकड्यांचा होता, मीटरचा नव्हता. 2/3 मीटरच्या तुकड्याचे आठ सारखे भाग केले, तर एकेक भाग 1/12 मीटरचाच भरतो.