१,७६,६३,१९,०४९ : एका संख्येची पार्श्वभूमी

बेळगावात दहावीच्या मुलांसमोर भास्कराचार्यांचं नाव घेतलं की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, ते आपल्या विजापूरचे ना?" आचार्यांनी आपलं गाव 'विज्जडविड' असं सांगितलंय आणि काही अभ्यासक ते विजापूरच मानतात. पण त्याच श्लोकात गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचंही म्हटलंय, आणि विजापूरचा माळ सह्याद्रीपासून बराच लांब. शिवाय त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटणला. १२०७ सालचा शिलालेख तिथलाच. मला पाटणकडची बाजू पटते.

गावाच्या वादापेक्षा मुलांनी आचार्यांचं एक उदाहरण सोडवून बघावं, असं मला मनापासून वाटतं. ६१ ला एका पूर्ण वर्गाने गुणायचं, त्यात १ मिळवायचा आणि पुन्हा पूर्ण वर्गच यायला हवा. शेजारच्या ६० ला हे किती सोपं! ४ चा वर्ग १६, साठ सोळे ९६०, अधिक १ म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ आणि ६३ पुरतात. मधल्या ६१ चं सर्वांत लहान उत्तर मात्र असं : कनिष्ठ, म्हणजे ज्याच्या वर्गाने ६१ ला गुणायचं ती संख्या, २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ, म्हणजे शेवटी येणाऱ्या वर्गाचं मूळ, १,७६,६३,१९,०४९.

इथवरची वाट एकट्या भास्कराचार्यांची नव्हे. दोन उत्तरांतून तिसरं काढायची 'भावना' ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच दिली होती. ९२ चं उदाहरण वर्षभरात सोडवील तो गणिती, असं तो म्हणतो. चक्रवाल, म्हणजे फेऱ्याफेऱ्याने उत्तराकडे नेणारी रीत, जयदेव नावाच्या गणितज्ञाकडे आधीपासून होती, हे १०७३ च्या उदयदिवाकराच्या टीकाग्रंथातून कळतं. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी तीच रीत ६१ ला लावली. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने जास्त. तिथून चक्राचा एकच फेरा, की ३९ आणि ५ हाती येतात. ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५; वजाबाकी उणे ४. पुढचं काम भावना करते.

१६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने हेच ६१ आव्हान म्हणून पुढे केलं. इंग्लंडच्या ब्राउंकरने रीत शोधली, आणि ऑयलरच्या चुकीने या समीकरणाला नाव चिकटलं पेल या दुसऱ्याच गणितज्ञाचं. हे मला आजही खटकतं.

ताळा कसा करायचा? एका मुलीने वडिलांच्या शहापुरातल्या साडीच्या दुकानातला बारा आकडी कॅल्क्युलेटर आणला. त्यात ज्येष्ठ मावतो, पण त्याचा वर्ग एकोणीस आकडी. पण ज्येष्ठाचा वर्ग वजा १ म्हणजे (ज्येष्ठ वजा १) गुणिले (ज्येष्ठ अधिक १), आणि तो कनिष्ठाच्या वर्गाच्या ६१ पट यायला हवा. मग आम्ही ज्येष्ठातून १ वजा करून निम्मे केले : ८८,३१,५९,५२४. वर्गमूळ बरोब्बर २९,७१८. ज्येष्ठात १ मिळवून निम्मे केले, ६१ ने भागले : १,४४,७८,०२५. वर्गमूळ ३,८०५. तिने दोन्ही मुळांचा गुणाकार करून दुप्पट केली, आणि पडद्यावर कनिष्ठ उमटला : २२,६१,५३,९८०.