बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणी आणि सांगली-साताऱ्यातील ख्रिस्ती सेवाकार्य : पार्श्वभूमी

मानवी व्यापाराची चर्चा बहुधा छाप्यापासून सुरू होते आणि पुनर्वसनापाशी थांबते. येथे ज्या ख्रिस्ती सेवाकार्याचा विचार केला आहे, ते त्याआधीच्या टप्प्यावरचे आहे. बालगृहातून किंवा मिशनच्या बोर्डिंगमधून वयाची अठरा वर्षे पूर्ण करून बाहेर पडणारी मुलगी दलालाच्या हाती पडूच नये, म्हणून तिच्या निवाऱ्याची, कमाईची आणि सोयरिकीची काळजी वाहणे हे या कामाचे स्वरूप आहे. तिला कोणी पळवून नेण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही. पुण्या-मुंबईतील घरकामाची नोकरी, अचानक उगवलेला दूरचा मामा किंवा हुंडा न मागणारे स्थळ एवढे पुरेसे ठरते, कारण त्या नोकरीची, मामाची किंवा स्थळाची चौकशी करणारे तिच्या बाजूचे माणूस नसते.

साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आणि सांगलीत १८८० च्या दशकापासून अमेरिकन मिशनऱ्यांनी मुलींच्या शाळा व बोर्डिंग चालवली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी देशभरातील मिशनांच्या दारात पोरकी मुले आणून सोडली. दुष्काळी छावण्यांतून मुली फूस लावून नेल्या जात असल्याचे त्या काळीच लिहिले गेले होते. केडगावचे पंडिता रमाबाईंचे काम मराठी वाचकांना परिचित असल्याने त्याची पुनरुक्ती करीत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्या व्यवस्थेत मुलगी खऱ्या अर्थाने बाहेर पडतच नसे. ती त्याच शाळेत शिक्षिका होई, मिरजेच्या मिशन रुग्णालयासारख्या ठिकाणी परिचारिका होई, बायबलबाई, म्हणजे घरोघर बायबल वाचून दाखवणारी सेविका, म्हणून खेड्यांत जाई, नाहीतर मिशनच्याच मुलग्याशी तिचे लग्न लावून दिले जाई. या व्यवस्थेत तिच्या इच्छेला फारसे स्थान नव्हते, आणि उपाशी मुलांना आश्रय देताना धर्मही दिला जातो हा त्या काळचा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. तरीही बाळंतपणाला कोठे जायचे आणि नवऱ्याने मारले तर कोणाला सांगायचे, हे त्या मुलीला ठाऊक होते. तिला माहेर होते.

पुढील अर्धशतकाचा आढावा थोडक्यात पुरेल. मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये वेश्याव्यवसाय प्रतिबंधक, १९२४ मध्ये बालकांविषयक आणि १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला. १९५६ मध्ये देशपातळीवर अनैतिक व्यापारविरोधी कायदा आला. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परतले आणि मिशन कंपाऊंडमधील नोकऱ्या आटल्या. बोर्डिंग मात्र चालू राहिली, आणि त्यांतील मुलींचे स्वरूप बदलले. आता येणारी मुलगी बहुधा अनाथ नसते. तिचे वडील वारलेले असतात, आई ऊसतोडीला जाते किंवा दुसऱ्या घरी नांदते. ‘अनाथाश्रम’ हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला, पण त्यामुळे हे वास्तव झाकले गेले. तिला घर असते, फक्त ते तिला सांभाळण्याच्या स्थितीत नसते.

या दोन जिल्ह्यांचा भूगोलही लक्षात घ्यावा लागतो. मिरज हे पुणे, बेळगाव आणि पंढरपूर या दिशांना जोडणारे रेल्वे जंक्शन आहे. कर्नाटकाची हद्द जवळ आहे, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना देवदासी प्रथेचा जुना पट्टा आहे. कर्नाटकाने या प्रथेविरुद्ध १९८२ मध्ये कायदा केला, महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ चा आहे. त्याच वर्षी सांगलीच्या वेश्यावस्तीत एका परदेशी ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांचा छापा पडला. अल्पवयीन मुलींची सुटका हा हेतू सांगण्यात आला, तर स्वेच्छेने राहणाऱ्या सज्ञान स्त्रियांनाही उचलून नेल्याचा आरोप तेथील स्त्रियांच्या संघटनेने केला. त्या वादाची सर्व अंगे येथे मांडणे शक्य नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दार फोडून केलेल्या सुटकेपेक्षा, ती मुलगी त्या दारापर्यंत पोहोचणार नाही यासाठी वर्षानुवर्षे केलेले काम अधिक मोलाचे आहे, जरी त्याची छायाचित्रे निघत नसली तरी.

आता मुख्य गुंत्याकडे वळू. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात वयोमर्यादा मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा होती. २००० मध्ये ती दोघांसाठी अठरा झाली. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहात राहता येत नाही. त्यानंतरच्या आधाराला शासकीय मराठीत ‘अनुरक्षण’ म्हणतात आणि त्यासाठीच्या वसतिगृहांना अनुरक्षणगृहे. २०१५ च्या कायद्यात या शब्दाची व्याख्या अशी आहे की अठरा पूर्ण झालेल्या पण एकवीस न ओलांडलेल्या आणि संस्थेतील निवास सोडलेल्या व्यक्तीला आर्थिक वा अन्य साहाय्य देणे म्हणजे अनुरक्षण. या व्याख्येत मुलीने संस्था केव्हा सोडली याची अट नाही. परंतु त्याच कायद्याचे कलम ४६ अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्या बालकाविषयी बोलते, आणि तेही ‘साहाय्य देता येईल’ अशा शब्दांत. बाहेर पडणे बंधनकारक आणि आधार ऐच्छिक, असा याचा व्यवहारातील अर्थ होतो. २०१६ च्या आदर्श नियमांनी अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत तेवीसपर्यंत नेली, पण कलमातील शब्द तोच राहिला.

व्याख्या आणि कलम ४६ यांतील हा फरक केवळ वकिलांच्या कामाचा वाटेल. सप्टेंबर २०२० मध्ये तो मुलींच्या आयुष्यात उतरला. बालहक्कांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना असे कळवले की संस्थांतील बालके शंभर दिवसांच्या आत त्यांच्या कुटुंबांकडे परत जातील हे पाहावे. प्रत्येक बालकाला कुटुंबात वाढण्याचा हक्क आहे आणि केवळ गरिबीपायी त्याला संस्थेत ठेवणे योग्य नाही, ही त्यामागची भूमिका होती. तत्त्व म्हणून ते कोणीही नाकारणार नाही; २०१५ च्या कायद्यातही संस्था हा शेवटचा पर्याय मानला आहे. आक्षेप मुदतीला होता. प्रत्येक बालकाच्या घराची चौकशी, सामाजिक तपास अहवाल आणि बालकल्याण समितीचा स्वतंत्र निर्णय ही सावकाश करण्याची कामे आहेत, आणि कमाई बुडालेल्या महासाथीच्या वर्षात तर ती अधिकच सावकाश करायला हवी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होते. तेथे आलेल्या आकडेवारीनुसार महासाथीच्या आरंभी संस्थांत असलेल्या २,२७,५१८ बालकांपैकी १,४५,७८८ बालके पालकांकडे परत गेली होती. घरी पाठवलेल्या बालकाच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये द्यावेत, असा आदेश न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला.

लहान मुलांच्या बाबतीत घरी पाठवण्याच्या या निर्णयाचे काही बरे परिणाम झाले असतील. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न निराळा होता. ती अठरा पूर्ण होण्याआधीच घरी गेली, म्हणजे कलम ४६ चा अर्थ काटेकोरपणे लावला तर ती अनुरक्षणाच्या कक्षेबाहेर गेली. ज्या घरातून तिला एकदा बाहेर काढावे लागले होते त्याच घरी ती परतली, आणि आता ती लग्नाच्या वयाची दिसत होती. ख्रिस्ती सेवाकार्यातील माणसांच्या दृष्टीने धोक्याचा क्षण त्यामुळे अठराव्या वाढदिवसावरून दोन वर्षे अलीकडे सरकला. घरी गेलेल्या मुलीची खबरबात ठेवण्याचा अधिकारही संस्थेकडे उरत नाही. गावातील ख्रिस्ती मंडळीचे पाळक (धर्मगुरू) किंवा एखादी ओळखीची बाई यांच्यामार्फत जेवढे कळेल तेवढेच कळते. दंडसंहितेच्या कलम ३७० ने २०१३ पासून, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ ने, व्यापारात बळी पडलेल्या व्यक्तीची संमती गैरलागू ठरवली आहे. पण गुन्हा नोंदवायला कोणीतरी ती मुलगी कोठे आहे हे विचारावे लागते.

पैशाची बाजूही याच काळात बदलली. परदेशी देणग्यांच्या नियमनाच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनुसार परदेशी देणगी दिल्लीतील एका ठरावीक बँक शाखेतच स्वीकारावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन चार-सहा मुलींसाठी खोली भाड्याने घेणाऱ्या लहान गटांना यांतील दुसरी अट सर्वांत जड गेली. दुसरीकडे, २०२२ च्या केंद्रीय योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये ठरले. साताऱ्यात किंवा सांगलीत एवढ्यात खोलीभाडे आणि खानावळ भागवणेही कठीण आहे.

सोयरिकीचा प्रश्न या जिल्ह्यांत विशेष टोकदार आहे. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. त्या वेळचे मुलगे आज लग्नाचे आहेत, वधू मिळत नाही, आणि अनाथाश्रमातील मुलींची स्थळे मिळवून देतो असे सांगणारे खोटे संदेश मोबाइलवर फिरतात. अशा संदेशांनी तरुणांची फसवणूक होतेच. शिवाय संस्थेतली मुलगी म्हणजे मागणी करून मिळणारी गोष्ट, ही समजूतही त्यांतून रुजते. म्हणून या कामात स्थळाची चौकशी हा मोठा भाग होऊन बसला आहे. मुलाचे घर पाहणे, शेजाऱ्यांशी आणि गावच्या पोलीस पाटलांशी बोलणे, पहिले लग्न झालेले नाही याची खात्री करणे, लग्नाची नोंदणी करून घेणे, आणि सहा महिन्यांनी एखादी बाई पाहुणी म्हणून तिच्याकडे धाडणे, ही एरवी मुलीच्या काकाने आणि मावशीने करायची कामे आहेत.

राज्य शासनाने २०१८ मध्ये अनाथांना नोकरी व शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण दिले. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि आई हयात असलेल्या मुलीला ते मिळत नाही. बोर्डिंगमध्ये दहा वर्षे काढलेली, जिची आई दुसऱ्या घरी नांदते अशी मुलगी त्यामुळे आरक्षणासाठी अनाथ ठरत नाही, आणि सतराव्या वर्षी घरी पाठवली गेली असेल तर अनुरक्षणासाठीही तिचा अर्ज अडतो. सध्या या दोन जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे प्रामुख्याने अशाच मुली आहेत.