‘बी.ए. करून पुढे काय?’ या प्रश्नामागे

समाजशास्त्र घेतलेल्या मुलाला पाहुण्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. आता तो वर्गातही शिरलाय. नव्या शैक्षणिक धोरणानुसार बी.ए.लाही ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, आली आणि ‘रोजगारक्षमता’ हा शब्द रुळला. म्हणजे नोकरी नाही मिळाली तर कमी तुझ्यातच.

हा सूर नवा असला तरी वाद जुना आहे. 1844 मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य दिलं. मुंबई विद्यापीठ 1857 चं. 1862 ला रानडे, भांडारकर पहिल्या पदवीधरांत होते. पदवी आणि सरकारी चाकरी यांची गाठ अशी पक्की झाली. 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सुनावलं, की सरकारी हायस्कुलांतलं शिक्षण व्यवहाराच्या कामाचं नाही, त्यातून कारकून आणि पंतोजीच तयार होतात. त्यांचा रोख व्यवस्थेवर होता, पोरांवर नाही.

दुसरा धागा कायद्याचा, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. मुंबईत 1936 ला टाटांच्या देणगीतून समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. 1948 च्या कारखाने कायद्यातल्या कलम 49 ने 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. एका कलमाने समाजकार्य शिकलेल्यांसाठी जागा निर्माण झाल्या. मुलांची ‘कौशल्यं’ काही रातोरात वाढली नव्हती. पुढे 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशी तिथली ही वाटही आक्रसली. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं आणि प्रकल्पांवरच्या नोकऱ्या आल्या. प्रकल्प संपला की नोकरीही संपते, हे ओघानं आलंच.

म्हणून करिअरच्या तासाला बायोडाटा कसा लिहावा, हे सांगण्याआधी मी एक जाहिरात फळ्यावर लिहितो: ‘समुदाय संघटक पाहिजे. 11 महिन्यांचा करार. स्वतःची दुचाकी आवश्यक.’ मग विचारतो, 11 च महिने का? पेट्रोल कुणाचं? ही अट वाचून कोणत्या मुली अर्जच करणार नाहीत? मागच्या बाकावरून पहिलं उत्तर येतं, ‘सर, ज्यांच्या घरी एकच गाडी आहे आणि ती भावाकडे असते.’