स्पीकर टांगण्याआधी तरंगलांबी बघा
मोठ्या मैफलींत मंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या वाकलेल्या माळा टांगलेल्या दिसतात. त्या पाहिल्या की दोनशे खुर्च्यांच्या सभागृहासाठीही आयोजक 'लाइन ॲरेच (म्हणजे अशी माळच) हवा' म्हणून अडून बसतात. असल्या हट्टापायी चांगल्या कार्यक्रमाचा आवाज बिघडतो.

या माळांचं आकर्षण समजण्यासारखं आहे. स्पीकरच्या एकट्या पेटीतला आवाज सगळीकडे पसरतो, म्हणून अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने घटतो. लांब, उभ्या रांगेतला आवाज वर-खाली फारसा पसरत नाही, त्यामुळे घट ३ डेसिबलच होते. पण रांग 'लांब' आहे की नाही, हे ठरवते ध्वनीची तरंगलांबी. १०० हर्ट्झच्या खर्जाची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, तर १०,००० हर्ट्झची जेमतेम ३.४ सेंटिमीटर.

आता चार पेट्यांची, एक मीटर उंचीची माळ घ्या. वरच्या दिशेला जाणारा आवाज दाबायचा, तर वरच्या आणि खालच्या पेट्यांतल्या लहरींनी तिथे एकमेकींना पुसून टाकायला हवं. त्यासाठी त्यांच्या मार्गांत निदान अर्ध्या तरंगलांबीचा फरक लागतो. खर्जासाठी तो १.७ मीटर. आपली माळच एक मीटरची, त्यामुळे थेट छताकडे पाहिलं तरी फरक एका मीटरहून जास्त होणारच नाही. खर्ज खुशाल छतावर जाऊन आदळतो आणि सभागृह घुमतं.

माळ चार मीटरची केली तरी ३ डेसिबलचा फायदा १०० हर्ट्झला दोन-अडीच मीटरपर्यंतच टिकतो. १,००० हर्ट्झला साधारण २३ मीटर. म्हणजे एकाच माळेतले वेगवेगळे सूर अंतराबरोबर वेगवेगळ्या दराने घटतात.

वरच्या सुरांची अडचण उलटी आहे. तिथे शेजारच्या दोन स्रोतांतलं अंतर तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी हवं, म्हणजे दोन सेंटिमीटरही नाही! एवढ्या जवळ ड्रायव्हर (पेटीतले आवाज निर्माण करणारे भाग) बसवणारच कसे? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिश्चन हाइल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या व्ही-डॉस्क प्रणालीत यावर सुंदर तोडगा आला. ड्रायव्हरपुढच्या पोकळीची रचनाच अशी, की आत कुठल्याही वाटेने गेलेल्या लहरीला सारखंच अंतर कापावं लागतं. मग बाहेर पडते ती एक सलग, सपाट पट्टी. मला हा ध्वनिशास्त्रातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

पेटीवरच्या वॅटच्या आकड्यांना मात्र भुलू नये. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबलच वाढतात; कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते.

लहान सभागृहात हॉर्न (आवाज एका दिशेला रोखणारं कर्ण्यासारखं तोंड) असलेली एकेक पेटी उंच टांगून शेवटच्या रांगेकडे रोखली, की पुढच्यांना तिचा झोत थेट लागत नाही आणि मागच्यांना शब्द स्पष्ट ऐकू येतात. सभागृह खोल असेल तर मध्यावर दुसरी जोडी लावावी. ती मुख्य स्पीकरपासून ३४ मीटरवर असेल, तर तिला सुमारे १०० मिलिसेकंद उशीर द्यायचा आणि वर आणखी दहाएक मिलिसेकंद. जो आवाज आधी पोहोचतो त्याच्याच दिशेवर कान विश्वास ठेवतो, त्यामुळे डोक्यावरचा स्पीकर वाजत असूनही गाणं मंचावरूनच आल्यासारखं वाटतं.