गेमिंगसाठी घरगुती प्रोजेक्टरची निवड

घरी व्हिडिओ गेम खेळण्यासाठी प्रोजेक्टर घेताना चित्रपट पाहणाऱ्यापेक्षा वेगळे निकष लावावे लागतात. चित्रपट नुसता पाहायचा असतो. गेममध्ये बटण दाबल्यावर पडद्यावर काही घडायला किती वेळ लागतो, त्यावर खेळाडूचं जिंकणं-हरणं ठरतं. ठाणे आणि नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये याला आणखी एक अट जोडली जाते, ती हॉलच्या मापाची. दुकानात मात्र बोलणं सुरू होतं ते ल्युमेन (उजेडाचं माप) आणि ‘फोर के’ (३८४० × २१६० पिक्सेलचं, म्हणजे ठिपक्यांचं चित्र) यांवरून, आणि बऱ्याचदा तिथेच संपतं.

माप आधी घ्यावं. प्रोजेक्टर पडद्यापासून जितका लांब, त्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागलं की ‘थ्रो रेशो’ मिळतो. १०० इंची, १६:९ प्रमाणातलं चित्र सुमारे २.२ मीटर रुंद असतं. थ्रो रेशो १.५ असलेल्या यंत्राला त्यासाठी ३.३ मीटर, म्हणजे जवळपास ११ फूट अंतर लागतं. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको घरांत काय किंवा घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधल्या वन बीएचकेत काय, हॉल लांबीला बरा असला तरी रुंदीला दहा फुटांच्या आसपास असतो. लांबीच्या एका टोकाला बाल्कनीचं सरकतं दार आणि दुसऱ्याला स्वयंपाकघराची वाट, त्यामुळे पडद्यासाठी उरते ती लांबीची भिंत आणि प्रोजेक्टरच्या वाट्याला येते रुंदी. मागे वायर आणि गरम हवेसाठी जागा सोडली की हाती राहतात नऊच फूट. तेवढ्यात १.५ रेशोचं यंत्र ८० इंचांच्या जरा पुढे जातं. १.२ रेशो असेल तर १०० इंच जेमतेम बसतात. ०.५ च्या आसपासचं शॉर्ट थ्रो यंत्र साडेतीन-चार फुटांवरून तेवढंच चित्र देतं, आणि उभं राहून खेळणाऱ्या मुलांची सावलीही सहसा पडद्यावर पडत नाही. लहान हॉलसाठी हाच प्रकार सोयीचा. खरेदीआधी भिंतीवर मास्किंग टेपने चौकट आखून सोफ्यावर बसून पाहावं. १२० इंचांचा हट्ट तिथेच सुटतो.

दुसरी गोष्ट विलंबाची, म्हणजे इनपुट लॅगची. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या खेळात एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० असतील तर ८.३. गेम मोड (विलंब कमी करणारी सेटिंग) चालू असताना विलंब २० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांना तो जाणवत नाही. शंभराच्या घरात गेला की क्रिकेटच्या गेममध्ये वेगवान गोलंदाजाचा चेंडू यष्टी घेऊन गेल्यावर बॅट फिरते. हा आकडा खोक्यावर सहसा नसतो आणि असला तरी तो कोणत्या रिझोल्यूशनला आणि किती हर्ट्झला (सेकंदाला किती चित्रांवर) मोजला, हे विचारावं लागतं. यंत्र तिरकं ठेवून चित्र कीस्टोनने (तिरकी चौकट सरळ करणाऱ्या यंत्रातल्या सोयीने) सरळ केलं तर काही मॉडेलांत विलंब वाढतो आणि काही पिक्सेल वाया जातात ते वेगळंच. म्हणून यंत्रच सरळ बसवावं. फोर केमध्ये सेकंदाला १२० चित्रं हवी असतील तर कन्सोल आणि प्रोजेक्टर दोन्हीकडे एचडीएमआय (चित्र-आवाज नेणारी जोडणी) २.१ लागतं, २.० फोर केला ६० वर थांबतं.

घरगुती प्रोजेक्टरांत दोन तंत्रं मुख्य आहेत. डीएलपीमध्ये सूक्ष्म आरशांची चिप असते. तिचा शोध टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये लावला. एकच चिप आणि फिरतं रंगचक्र असलेल्या यंत्रांत रंग एकामागून एक पडतात, त्यामुळे काहींना नजर झटकन वळवताना इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. दुसरं तंत्र थ्री एलसीडी, त्यात लाल, हिरवा, निळा यांसाठी वेगवेगळे तीन एलसीडी असतात आणि तिन्ही रंग एकाच वेळी पडत असल्याने हा त्रास नाही. पट्टे आपल्याला दिसतात का, हे पैसे देण्याआधी स्वतः पाहूनच कळतं. अनेक ‘फोर के’ डीएलपी यंत्रांतली चिप १९२० × १०८० ची असते आणि चित्र वेगाने सरकवून बाकीचे पिक्सेल भरले जातात. ही फसवणूक नव्हे, पण किमतीची घासाघीस करताना माहीत असलेलं बरं.

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे खोलीत उरलेला अंधार. गडद भुयारांचा गेम दिवसा ट्यूबलाइटखाली राखाडी दिसतो आणि ल्युमेन वाढवून तो काळा होत नाही. चांगले ब्लॅकआउट पडदे लावलेल्या खोलीत १०० इंचांसाठी हजारभर खरे ल्युमेनही चालतात. ‘खरे’ म्हणजे एएनएसआय किंवा आयएसओ या मानक ठरवणाऱ्या संस्थांच्या पद्धतीने मोजलेले. स्वस्त यंत्रांच्या जाहिरातीतल्या अवाढव्य आकड्यांपुढे यांतला एकही शब्द नसेल तर आकडा सोडून द्यावा.

छताला टांगायचं तर ब्रॅकेटचा भार पीओपीच्या फॉल्स सिलिंगवर न देता वरच्या स्लॅबमध्ये अँकर ठोकून घ्यावा. ड्रिलिंगच्या वेळा सोसायटीत विचारून घ्याव्यात, नाहीतर खालचे काका बेल वाजवतातच. इंटिरियरचं काम चालू असेल तर केबलचा पाइप तेव्हाच टाकून घ्यावा आणि तो रुंद असावा. विजेच्या वायरींच्या बारीक पाइपाच्या वळणात एचडीएमआयचं डोकं अडकतं. लांब अंतरासाठी साध्या तांब्याच्या केबलपेक्षा ऑप्टिकल एचडीएमआय भरवशाची.

खाडीकाठची पावसाळी दमट हवा भिंगांना बुरशी आणू शकते. चार महिने यंत्र खोक्यात बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेलं बरं. दिव्याचं यंत्र बंद केल्यावरही पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये. रोज तासन्‌तास खेळणाऱ्याने साधारण २०,००० तास आयुष्य सांगितलं जाणारं एलईडी किंवा लेझर यंत्र घ्यावं, कारण दिवा काही हजार तासांत बदलावा लागतो.

आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर टाळावा. चित्रातला विलंब कमी करून आवाज मागे राहिला तर गोळी आधी लागते आणि ऐकू नंतर येते. साउंडबार वायरने जोडावा आणि रात्री हेडफोन सरळ कंट्रोलरच्या जॅकमध्ये लावावा.