मूत्रपिंड गाळते की वेचते? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी, असे शाळेत शिकवतात. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कळायला माणसाला फार काळ लागला.

नवा घडा गळ्यापर्यंत पाण्यात ठेवला तर तो अंगानेच झिरपून भरतो, तसे मूत्राशय भरते, असा दाखला सुश्रुतसंहितेत आहे. पाझरणारा माठ पाहिलेल्या कुणालाही तो लगेच पटावा. त्या उलगड्यात मूत्रपिंडाला मात्र जागा नव्हती. दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने प्राण्यांच्या मूत्रवाहिन्या (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळ्या) बांधल्या, तेव्हा मूत्राशय कोरडे राहिले. लघवी मूत्रपिंडातून उतरते एवढे ठरले. ती तयार कशी होते, ते नाही.

1662 मध्ये इटलीतल्या बेलिनीला मूत्रपिंडात बारीक नलिका दिसल्या, पुढे माल्पिगीला केशवाहिन्यांचे गुच्छ. 1821 च्या सुमारास जिनिव्हात प्रेव्हो आणि द्युमा यांनी प्राण्यांची मूत्रपिंडे काढली, तर रक्तात युरिया, म्हणजे लघवीतून जाणारा शरीराचा टाकाऊ पदार्थ, साचू लागला. म्हणजे युरिया तयार होतो दुसरीकडेच, मूत्रपिंड तो फक्त बाहेर टाकते.

खरा वाद 1842 पासूनचा. गुच्छातून फक्त पाणी येते आणि मळ नलिका सोडतात, असे लंडनचा बोमन म्हणे. जर्मनीतल्या लुडविगचे म्हणणे वेगळे होते: रक्तदाबाने प्रथिने आणि पेशी सोडून बाकी सारे गाळले जाते आणि कामाचे ते नलिकांत परत शोषले जाते. ऐंशी वर्षे हा प्रश्न लोंबकळला.

1924 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वेर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एका गुच्छाभोवतीच्या पिशवीत केसासारखी काचनळी खुपसून थेंबभर द्रव ओढला. इतक्या थोड्या द्रवाची तपासणी करणे हीच मोठी करामत होती. त्या द्रवात प्रथिने नव्हती, साखर होती. मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. साखर वाटेत परत घेतली गेली होती! लुडविगचे म्हणणे खरे ठरले. बोमनचेही पुरते चुकले नव्हते, कारण काही पदार्थ नलिका स्वतःहून बाहेर टाकतात, हे अमेरिकेतल्या मार्शल या संशोधकाने त्याच सुमारास दाखवले.

माणसात दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीडेक लिटर. बाकी सारे परत रक्तात. मला या अवयवाचे सगळ्यात मोठे काम हेच वाटते.

1943 मध्ये नेदरलँड्समध्ये कोल्फने सेलोफेनच्या नळ्या वापरून कृत्रिम मूत्रपिंड चालवले. त्यातून युरिया निघाला, पण नलिकांची ही निवड यंत्राला आजही जमत नाही. म्हणून डायलिसिसच्या, म्हणजे अशा यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या, पाण्यात सोडियम, पोटॅशियम आधीच मोजून घालावे लागते.