फोल्डरात फोल्डर, आणि एका ओळीची कमांड

फोर्टमधल्या एखाद्या सीएच्या ऑफिसातला सर्व्हर उघडला की ओळखीची उतरंड दिसते: क्लायंटचं नाव, त्यात आर्थिक वर्ष, त्यात जीएसटी, टीडीएस, बँक स्टेटमेंट आणि त्यांच्याही आत महिने. रिटर्नच्या गडबडीत या उतरंडीतल्या शेकडो स्कॅन पीडीएफची नावं बदलायची असतात, मागच्या वर्षाचं सगळं दुसऱ्या डिस्कवर हलवायचं असतं. आर्टिकलशिपची मुलं एकेक फोल्डर उघडून हे करत बसतात. या कामाची हत्यारं पन्नास वर्षांपूर्वीच तयार झाली आहेत, आणि फुकट आहेत, म्हणून हा इतिहास सांगावासा वाटतो.

फोल्डरच्या पोटात फोल्डर ठेवता येतो, हे कुणाला तरी आधी सुचावं लागलं. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पासाठी रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी १९६५ साली अशा झाडासारख्या फाइल रचनेचा आराखडा मांडला. साधारण त्याच काळात लुई पूझँ यांनी कमांडची यादी एका फाइलमध्ये लिहून ती एकदम चालवण्याची सोय केली होती. आजच्या स्क्रिप्टचा उगम तिथे आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्ज मल्टिक्समधून बाहेर पडली. पण केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम उभी करताना ते झाड सोडलं नाही.

झाड आलं की त्यात फिरणारं कुणीतरी लागतं. ‘फाइंड’ ही कमांड युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत साध्या रूपात होती, तिसरीत काढली गेली आणि पाचवीसाठी नव्याने लिहिली गेली. एका फोल्डरपासून सुरुवात करून ती खालचा प्रत्येक फोल्डर धुंडाळते, आणि सापडलेल्या प्रत्येक फाइलवर आपण सांगू ते काम करवून घेते. दरम्यान १९७३ मध्ये डग मॅक्इलरॉय यांच्या आग्रहामुळे पाइप आला, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट दुसरीच्या हाती. १९७९ च्या बोर्न शेलने, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने, त्यावर कळस चढवला. मायक्रोसॉफ्टच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या आवृत्तीत तर फोल्डरच नव्हते, ते १९८३ मध्ये आले.

मुंबईत हे सगळं बराच काळ जुहूच्या एनसीएसटीसारख्या सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्या भिंतींआड होतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट खुलं केलं. मग स्वस्तातलं शेल अकाउंट घेतलेल्या विद्यार्थ्यांना डायल केल्यावर समोर मिळायचा तो युनिक्सचाच काळा पडदा. कितीतरी जणांची कमांडशी पहिली ओळख अशी झाली.

आता खरी मेख. युनिक्समध्ये फाइलच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत, तिरकी रेघ (ती एका फोल्डरचं नाव दुसऱ्यापासून वेगळं करते) आणि शून्य किमतीचा बाइट. मोकळी जागा चालते. पण नावं चौदा बाइटांत बसवायच्या काळात मोकळी जागा सोडणार कोण? त्यामुळे फाइंडची यादी पुढच्या कमांडला पुरवणारी ‘एक्सआर्ग्ज’ मोकळ्या जागेवर यादी तोडते. ‘शहा मार्च’ नावाच्या फाइलचे तिच्या लेखी दोन तुकडे होतात, ‘शहा’ आणि ‘मार्च’. पुढची कमांड डिलीटची असेल आणि ‘मार्च’ नावाची वेगळी फाइल खरोखर असेल, तर ती गेली. युनिक्ससारखी हत्यारं मुक्तपणे वापरता यावीत म्हणून नव्याने लिहिणाऱ्या ग्नू प्रकल्पाच्या लोकांनी उपाय काढला: दोन नावांमध्ये शून्य बाइट टाकायचा, कारण तो कुठल्याच नावात असू शकत नाही. हा पर्याय न वापरता क्लायंटच्या फाइलींवर स्क्रिप्ट चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि डिलीट करण्याआधी तीच कमांड नुसती नावं छापून बघावी.

मराठी नावांचं काय? १९९२ मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत रचली. तिच्यात देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. ‘जानेवारी’ला चोवीस बाइट लागतात, म्हणजे जुन्या चौदाच्या मर्यादेत ‘जाने’ एवढंच मावलं असतं. पण रचताना एक अट कटाक्षाने पाळली गेली: दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या बाइटांत तिरकी रेघ किंवा शून्य येता कामा नये. म्हणूनच मराठी नावांच्या फोल्डरांतून फाइंड बिनदिक्कत फिरते.